बाळाचं कार्ड आणि गावाचा वार: खान्देशातल्या नव्या आईबापांसाठी

भुसावळला रेल्वेत बदलीवर आलेलं जोडपं, चोपडा-यावलकडे सालदारकीसाठी (वर्षाच्या बोलीवर शेतकामाला) उतरलेलं पावरा कुटुंब, सुरतेच्या उधन्याहून बाळंतपणाला अमळनेरला आलेली लेक, धुळ्यात नुकतंच बिऱ्हाड मांडलेले मास्तर. पहिलं मूल होऊ घातलं की या सगळ्यांना पडणारे प्रश्न सारखेच असतात. बाळाचा डोस कुठं मिळतो, कोणत्या वारी मिळतो, आणि चुकला तर पुढं काय?

लस नकोच म्हणणारी घरं आपल्याकडे आहेत, पण माझ्या पाहण्यात थोडी. खान्देशात डोस चुकतो तो जास्त करून फिरण्यामुळे. बाळ जन्मतं माहेरी, सव्वा महिन्याने नाहीतर तीन महिन्यांनी सासरी जातं, आखाजीला (अक्षय तृतीयेला) पुन्हा माहेरी येतं. बापाचं साल बदललं की दुसऱ्या गावच्या शेतावर, दिवाळी झाली की बारडोलीकडे ऊसतोडीला. बाळ फिरतं आणि कार्ड पेटीत राहतं. म्हणून पुढचं सांगताना मी लसींच्या यादीपेक्षा कार्डावर आणि वारावर जास्त रेंगाळणार आहे. यादी काय, कुठल्याही उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेली सापडते.

१. बाळ यायच्या आधी तीन माणसं ओळखून ठेवा

आशाताई, नर्सताई आणि अंगणवाडी ताई. आशाताई साधारण हजार वस्तीमागे एक असते, गावातलीच असते आणि कोणाच्या घरी पाळणा हलणार हे तिला शेजाऱ्यांआधी कळतं. नर्सताई म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका. सुई तीच देते. उपकेंद्र सपाट भागात ५,००० आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात ३,००० लोकसंख्येमागे एक असावं असा सरकारी हिशोब आहे. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथं डॉक्टर आणि लस साठवायचा फ्रीज. जळगाव, धुळे शहरांत राहत असाल तर महापालिकेचा दवाखाना किंवा नागरी आरोग्य केंद्र शोधा. तिथंही वस्ती वाटून घेतलेली आशाताई असते.

दिवस गेल्याचं कळलं की पहिल्या तीन महिन्यांत नोंद करा. तेव्हाच माता-बाल संरक्षण कार्ड हातात पडतं आणि आईला टीडीची (धनुर्वात-घटसर्पावरची) सुई सुरू होते. पहिला डोस लवकरात लवकर, दुसरा चार आठवड्यांनी. मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं असेल आणि तेव्हा दोन्ही डोस झाले असतील तर एकच बूस्टर पुरतो. बाळाला धनुर्वात होऊ नये यासाठीची ही तयारी आहे. नाळ विळ्याने कापायच्या काळात कितीतरी पोरं सहाव्या-सातव्या दिवशी आखडून जायची, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

नोंदणीत मोबाईल नंबर देताना जरा विचार करा. नवऱ्याचं सिम दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर सासूचा नाहीतर दिराचा, जो टिकतो तो नंबर द्या. बाळाची ऑनलाइन नोंद, डोसची आठवण आणि पुढं यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरचं प्रमाणपत्र, सगळं त्याच नंबराला बांधलेलं असतं.

पैशाचंही सांगून टाकतो, कारण ते कोणी नीट सांगत नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यातला २,००० चा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद झाल्यावर आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस पूर्ण झाल्यावरच येतो. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. तेव्हा कार्डावरच्या तारखा बँकेच्या खात्यापर्यंत पोचतात, हे घरातल्या पुरुषमंडळींच्या कानावर घाला.

२. गावाचा वार कोणता ते विचारा

नव्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती इथं होते. उपकेंद्रात कधीही जावं आणि सुई घेऊन यावं असं चालत नाही. प्रत्येक गावाचा, पाड्याचा लसीकरणाचा दिवस वर्षभरासाठी आखलेला असतो, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. जागाही ठरलेली: अंगणवाडी, समाजमंदिर, कुठं मराठी शाळेचा व्हरांडा. त्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पेटीत लस येते आणि उरलेली संध्याकाळी परत जाते. पेटी कधी मोटारसायकलवर येते, धडगाव-मोलगीकडच्या काही पाड्यांवर शेवटचा टप्पा डोक्यावरून येते. नर्मदेच्या काठची जी गावं सरदार सरोवराच्या पाण्याने तोडली, तिथं तरंगत्या दवाखान्याची बोट जाते. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळांपर्यंत पोषण आहार पोचवला, त्याची देशभर बातमी झाली. तिकडच्या बाळांपर्यंत पोचायला रोज काय लागतं याची कल्पना त्यावरून यावी.

आशाताईला तीन गोष्टी विचारून दाराच्या मागे लिहून ठेवा: वार कोणता, जागा कोणती, नर्सताईचा नंबर काय. तो वार आठवडे बाजाराचा असेल किंवा कापूस वेचणीच्या भरात येत असेल तर सकाळी पहिल्यांदा जा. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून डोस टाळणाऱ्या आया मी दोष देण्याजोग्या समजत नाही. वेचणीचे दिवस मोजकेच असतात. पण नर्सताईला आधी फोन केला तर साडेनऊला डोस उरकून शेतात जाता येतं.

लवकर जायचं आणखी एक कारण आहे. बीसीजी (क्षयावरची) आणि गोवर-रुबेलाची लस पावडर असते, ती पाणी घालून विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. बाटलीवर फोडल्याची वेळ लिहिलेली असते. दुपारी तीनला नऊ महिन्यांचं बाळ घेऊन गेलात आणि बाटली दोनला टाकून दिलेली असेल, तर नवी फोडायची की नाही हा पेच उभा राहतो. एकच बाळ असलं तरी बाटली फोडावी असं धोरण आहे, आणि ते तुम्ही नम्रपणे सांगू शकता. तरीही सकाळी गेलेलं बरं.

आपल्या गावचा वार चुकला तर महिनाभर थांबू नका. शेजारच्या गावचा वार असतो, आरोग्य केंद्राचा वेगळा दिवस असतो, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय तर आहेच. सरकारी लस फुकट आहे आणि ती कुठल्याही गावच्या, कुठल्याही राज्याच्या बाळाला मिळते. रेशनकार्ड, रहिवासी दाखला यांची गरज नाही. ‘तुम्ही इकडचे नाहीत’ असं कोणी म्हणालं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा किंवा १०४ या आरोग्य मदत क्रमांकावर विचारा.

३. जन्मल्यापासून घरी येईपर्यंत

तीन लसी. कावीळ ‘ब’ची सुई २४ तासांच्या आत. आईकडून बाळाला जाणारा संसर्ग अडवायचा तर हीच वेळ महत्त्वाची, एकदा हुकली की हुकली. तोंडात पोलिओचे दोन थेंब, ज्याला झिरो पोलिओ म्हणतात, ते १५ दिवसांपर्यंत चालतात. आणि डाव्या दंडावर बीसीजी, जी लहान बाळांना होणाऱ्या क्षयाच्या जीवघेण्या प्रकारांपासून वाचवते. ती राहिली तर वर्षाच्या आत कधीही देता येते.

खासगी दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी निघण्याआधी स्पष्ट विचारा: यातली कोणती दिली, कोणती राहिली? बीसीजीची बाटली अनेक बाळांची असते, म्हणून काही दवाखाने ठरावीक दिवशीच ती फोडतात आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. मग आई माहेरी निघून जाते नि बीसीजी राहून जाते. जन्मल्यावर मांडीत दिलेली ‘व्हिटॅमिन के’ची सुई ही लस नाही, तिची नोंद पाहून तीन झाल्या असं समजू नका. दवाखान्याची स्वतःची गुळगुळीत फाइल मिळाली तरी तारखा सरकारी कार्डावर उतरवून घ्या.

बीसीजीच्या जागी दोन ते चार आठवड्यांनी पुटकुळी येते, पिकते, फुटते, खपली धरते आणि वण राहतो. आजीबाई हळद, कोळसा, मलम घेऊन पुढे सरसावतील. काही लावायचं नाही. आणि वण उठलाच नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते.

४. दीड, अडीच, साडेतीन

सहा, दहा आणि चौदा आठवडे. गावात कोणी आठवडे मोजत नाही, ‘दीड महिन्याचा’, ‘अडीच महिन्याचा’, ‘साडेतीन महिन्याचा’ डोस असंच म्हणतात. सव्वा महिना सरला, बाळंतीण बाहेर पडली की लगेच पहिली खेप, असा हिशोब डोक्यात ठेवला की चुकत नाही. सहा आठवडे भरण्याच्या आत ही खेप देत नाहीत, नंतर चार दिवस उशीर झाला तर बिघडत नाही. बाळ दिवसांआधी जन्मलं असो की वजनाने कमी असो, मोजणी जन्मतारखेपासूनच. ‘आधी अंग धरू दे’ हे म्हणणं उलटं आहे. अशक्त बाळालाच आजार लवकर गाठतो.

दीड महिन्याला तीन सुया आणि दोन तोंडाचे डोस असतात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, जिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर आणणारा जंतू) या पाच आजारांची लस एकत्र आहे. उजव्या मांडीत न्यूमोनियावरची पीसीव्ही. उजव्या दंडावर कातडीत पोलिओची बारीकशी सुई. तोंडाने पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस लस. अडीच महिन्याला फक्त पेंटाची सुई आणि दोन तोंडाचे डोस. साडेतीन महिन्याला पुन्हा दीड महिन्यासारखंच सगळं.

एकाच दिवशी तीन सुया म्हटलं की आईचा जीव खालीवर होतो, बापाचा जास्त. एकाच वेळी इतक्या लसी दिल्याने बाळावर ताण येत नाही; वेगवेगळ्या दिवशी द्यायच्या म्हटलं तर बाळ तीनदा रडेल आणि तीनदा तापेल एवढाच फरक. पोलिओ तोंडानेही आणि सुईनेही का, हेही विचारतात. दोन्हींचं काम वेगळं आहे, थेंब आतड्यात विषाणूला थारा देत नाहीत आणि सुई रक्तात संरक्षण पक्कं करते.

५. त्या दिवशी काय न्यायचं, काय पाहायचं

कार्ड. बाळाला सैल कपडे, मांडी आणि दंड उघडता यावेत असे. पोट भरलेलं असावं. रोटाच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजायला हरकत नाही.

आधीच तोंड उघडून सांगायच्या गोष्टी: मागच्या डोसनंतर झटका आला होता का, अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता का, बाळाला कुठला मोठा आजार किंवा सतत चालू असलेलं औषध आहे का. साधी सर्दी, खोकला, थोडे जुलाब, अंग कोमट असणं यांसाठी डोस पुढं ढकलायचा नसतो. बाळ खरंच आजारी असेल, दूध ओढत नसेल, तर आधी डॉक्टरला दाखवा.

बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही एकाच रंगाचे झाले किंवा चौकोन गडद झाला तर त्या लसीला उष्णता लागलेली आहे, ती देत नाहीत. लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, म्हणून ही खूण खान्देशात जरा निरखून पाहावी. दाखवा म्हटलं तर नर्सताई रागावत नाही. माझ्या अनुभवात उलट खूश होते, कोणीतरी विचारलं म्हणून. सुई दरवेळी नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली. एकदा दाबली की तिचा दांडा अडकतो, ती परत भरताच येत नाही.

सुई झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. फार क्वचित एखाद्या बाळाला जोराची ॲलर्जी होते आणि ती बहुधा याच वेळात दिसते. त्यावरचं औषध नर्सताईच्या पेटीत असतं, तुमच्या घरी नसतं. उठण्याआधी तिच्याकडून चार गोष्टी ऐकून घ्यायच्या असतात. आज कोणती लस दिली, घरी गेल्यावर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड पुढच्या वेळी आणायचं. गर्दीत ती विसरली तर तुम्ही विचारा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिथल्या तिथं फोनमध्ये काढा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरही पाठवा.

६. ती रात्र

पुढचा डोस आई घेणार की नाही, हे बऱ्याचदा या एका रात्रीवर ठरतं. पेंटाची सुई झाली की संध्याकाळपासून बाळ किरकिरतं, अंग तापतं, मांडी लाल होते, सुजते. एक-दोन दिवसांत उतरतं. आजी म्हणते, ‘पोऱ्याले ताप उना, आते सुई नको.’ तिचं चुकत नाही, तिला कोणी आधी सांगितलेलं नसतं. ताप येणार हे आईला माहीत असेल तर ती रात्र काढते, माहीत नसेल तर लसीने पोरगं आजारी पाडलं ही गोष्ट सकाळी अख्ख्या गल्लीत जाते.

नर्सताई पॅरासिटामॉल देते किंवा लिहून देते. वजनाप्रमाणे ती सांगेल तेवढंच, ताप आल्यावर द्या. इथं एक धोका आहे: पॅरासिटामॉलची थेंबांची बाटली आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते. मोठ्या पोराचं उरलेलं सिरप थेंबांच्या हिशोबाने, किंवा थेंब सिरपच्या चमच्याने देऊ नका. ॲस्पिरिन तर नाहीच. सुजलेल्या जागी थंड पाण्याची ओली घडी; चोळणं, शेकणं, बाम, हळद काही नाही. अंगावर पाजत राहा. पातळ सुती कपडा पुरे. उन्हाळ्यात तापलेल्या बाळाला गोधडीत गुंडाळणं मी अजून पाहतो. त्याने ताप चढतो.

मात्र बाळ तीन तासांहून जास्त वेळ एकसारखं किंचाळून रडत असेल, झटका आला, अंग ढिलं पडलं, श्वास लागला, ताप औषधाने उतरतच नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. आशाताईला उठवा, १०८ ला फोन करा. लसीनंतर गंभीर काही घडलं तर त्याची नोंद करून वर कळवणं आरोग्य खात्याला बंधनकारक आहे आणि त्याची चौकशी होते. दडवण्यात कोणाचा फायदा नाही.

७. नऊ महिने आणि दीड वर्ष: इथं गळती होते

साडेतीन महिन्यांनंतर साडेपाच महिने काहीच नसतं. बाळ बसायला, रांगायला लागतं, घरच्यांना वाटतं झालं सगळं. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर आणि पोलिओच्या सुईचा तिसरा डोस, जो २०२३ पासून सुरू झाला. सोबत ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषध तोंडाने, पहिल्यांदा १ मिलि. हे वर्षाच्या आत व्हायला हवं. मग १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, पोलिओचे थेंब आणि ‘अ’ जीवनसत्त्व २ मिलि. ते पुढं दर सहा महिन्यांनी पाच वर्षांचं होईपर्यंत.

गोवर म्हणजे अंगावर येऊन जाणारी साधी गोष्ट असं अजून मानतात, कडुलिंबाचा पाला लावून पोराला कोपऱ्यात निजवतात. गोवराने न्यूमोनिया होतो, डोळे जातात, कुपोषित बाळ दगावतं. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात साथ आली, तेव्हा साथीच्या भागांत पाच वर्षांखालच्या मुलांना जादा डोस द्यावे लागले. मालेगाव धुळ्याहून तासाभरावर आहे. ‘याला गोवर येऊन गेला’ म्हणूनही डोस टाळू नका. लाल पुरळ येणारे आजार बरेच आहेत आणि आलेला गोवरच होता हे घरी कोण ठरवणार?

या सुईनंतर आठ-दहा दिवसांनी हलका ताप आणि बारीक पुरळ येऊ शकतं. तोवर सुई विसरलेली असते, म्हणून सांगून ठेवलं.

८. गाव सोडताना

माहेरी, सासरी, कानबाईच्या सणाला, लग्नाला, कामाला, कुठंही मुक्काम आठवड्याच्या वर असेल तर कार्ड बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत. जाण्याआधी नर्सताईला सांगा, पुढची तारीख त्या काळात येत असेल तर तिकडं कुठं घ्यायची ते ती सांगते.

गुजरातेत गेलात तर तिथं गावच्या आरोग्य-सत्राला ‘ममता दिवस’ म्हणतात आणि कार्डाला ममता कार्ड. ऊसतोडीच्या पडावावर, वीटभट्टीवर, सुरतेच्या लिंबायत-डिंडोलीत असाल तर मुकादमाला किंवा शेजारणीला ‘ममता दिवस कधी’ एवढं विचारा. तिकडं घेतलेला डोस आपल्या कार्डावर लिहून घ्या, तारखेसह. मध्य प्रदेशातून सालदारकीला आलेल्यांनी तिकडचं कार्ड इथल्या नर्सताईला दाखवायचं. राज्य बदललं तरी वेळापत्रक देशभर हेच आहे. जपानी मेंदूज्वराची लस तेवढी काही ठरावीक जिल्ह्यांतच असते.

होळीला सातपुड्यातली माणसं कुठूनही परत येतात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराच्या त्या आठ-पंधरा दिवसांत आशाताईला स्वतःहून गाठा. तिच्या यादीत ‘स्थलांतरित’ म्हणून नाव असतं, आणि ती तुमची वाटच पाहत असते.

कार्ड हरवलं तर लाजून घरी बसू नका. नोंद नर्सताईच्या रजिस्टरमध्ये आणि ऑनलाइन असते, मोबाईल नंबरावरून सापडते.

९. चुकलेल्या डोसचं काय

पहिल्यापासून सुरू करायचं नाही. जिथं थांबलात तिथून पुढं, दोन डोसांत कमीत कमी चार आठवड्यांचं अंतर ठेवून. पेंटा आणि रोटा वर्षाच्या आत सुरू करायला हव्यात. एकदा सुरू झाल्या की राहिलेले डोस नंतर पूर्ण करता येतात. वर्ष उलटलं आणि पेंटाचा एकही डोस नाही, तर डीपीटी देतात, ती सात वर्षांपर्यंत चालते. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. उशीर झाला म्हणून नर्सताई बोलेल, कदाचित जरा मोठ्याने. ऐकून घ्या आणि सुई घेऊन या.

१०. सरकारी की खासगी?

जळगाव-धुळ्यात बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तर यादी लांब असते: टायफॉइड, कांजिण्या, कावीळ ‘अ’, फ्लू, गोवर-रुबेलाबरोबर गालगुंडाचीही लस. त्यांच्या संघटनेने सुचवलेल्या या लसी आहेत, परवडत असतील तर घ्याव्यात. परवडत नसतील तर मनाला लावून घेऊ नका. ज्या आजारांनी बाळं सर्वात जास्त दगावतात त्यांच्या लसी सरकारी यादीत आहेत. ‘न दुखणारी’ म्हणून मिळणारी महाग सुई ताप कमी आणते हे खरं, पण संरक्षण जास्त देते असं नाही. कर्ज काढून ती घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

दोन्हीकडे मिळून घ्यायचं ठरवलंत तरी चालतं, फक्त नोंद एकाच कार्डावर ठेवा, नाहीतर एक डोस दोनदा आणि दुसरा शून्यदा होतो.

११. शाळेच्या वयात

पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर. अंगणवाडी सुटलेली आणि शाळा नुकती लागलेली, अशा सांध्यावर हा डोस येतो आणि बऱ्याच पोरांचा राहतो. पहिलीला नाव घालताना कार्ड काढून बघा.

पल्स पोलिओचा रविवार वेगळा. १९९५ पासून तो चालू आहे. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तरी थेंब चालू आहेत, कारण शेजारच्या देशांत विषाणू अजून आहे. नेहमीचे सगळे डोस झाले असले तरी पाच वर्षांखालच्या मुलाला त्या दिवशी बूथवर न्या. प्रवासात असाल तर स्टेशनवर, बसस्थानकावर पथक असतं; करंगळीला शाई लावतात.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. हा डोस बहुतेकांना शाळेतच मिळतो. पण सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सुटलेली मुलं-मुली आपल्याकडे कमी नाहीत, कोणी जिनिंगमध्ये, कोणी केळीच्या गाड्या भरायला, कोणाचं लग्न ठरलेलं. त्यांना बोलवायला कोणी येत नाही. गावच्या वारी अंगणवाडीत बाळांच्या रांगेत उभं राहायला ती लाजतात. सोबत घरातलं मोठं माणूस गेलं तर पाच मिनिटांचं काम आहे.